दुचाकी टेम्पोतून नेताना

बदली होते आणि सामानाबरोबर बाइकही न्यायची असते. मुलगी शिकायला पुण्याला जाते आणि तिची स्कूटर मागाहून पाठवायची असते. गावाकडच्या भावाला जुनी स्प्लेंडर द्यायची ठरते, सेकंडहँड बुलेट साताऱ्याहून घरी आणायची असते, नाहीतर ताम्हिणीत ऐन पावसात इंजिन जाम होतं. अशा वेळी आपण छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप ठरवतो. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या दोन्हींवर दुचाकी चालवायला बंदी आहे. त्यामुळे लांबच्या पल्ल्यालाही बाइक टेम्पोत घालून नेणारे पुष्कळ असतात.

पुढचा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. चार माणसं हात लावतात, बाइक हौद्यात चढते, साइड स्टँडवर उभी राहते, दोरीचे दोन-चार वेढे पडतात आणि ‘काही होत नाही हो’ म्हणत टेम्पो निघतो. बऱ्याचदा खरोखरच काही होत नाही आणि तीच सवय पडते. पण एखाद्या वळणावर स्टँड सरकतो, बाइक आडवी होते, टाकी चेपते, पेट्रोल हौद्यात सांडतं. त्याहून वाईट म्हणजे बाइक फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या दारावर, आदळून रस्त्यावर येते आणि मागून येणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वारासमोर पडते. त्या माणसाचा या सगळ्यात काहीही दोष नसतो. म्हणून हा विषय नुसत्या रंगावरच्या ओरखड्यांचा समजू नका.

बांधणीचं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं. बाइक दोन्ही स्टँड वर घेऊन, आपल्याच दोन चाकांवर सरळ उभी हवी आणि चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या चार पट्ट्यांनी ती शॉकअपवर दाबून खाली ओढलेली हवी. बाकी सगळं या वाक्याभोवती फिरतं.

टेम्पो ठरवताना

आधी लांबी बघा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण 2.1 ते 2.2 मीटर लांब आणि दीड मीटरच्या आसपास रुंद असतो. स्प्लेंडरसारखी बाइक दोन मीटरची असते, म्हणजे ती सरळ उभी राहून फाळका लागतो. क्लासिक 350 जवळपास 2.15 मीटर भरते. ती काही मॉडेलमध्ये जेमतेम बसते, काहींत थोडी तिरपी घ्यावी लागते. बोलेरो पिकअपचा हौदा मॉडेलनुसार अडीच मीटर किंवा त्याहून लांब असतो, तिथे हा प्रश्न उरत नाही. टेप घेऊन जा आणि हौद्याची आतली लांबी स्वतः मोजा.

फाळका उघडा ठेवून मागचं चाक बाहेर काढायची वेळ येत असेल, तर मोठी गाडी ठरवा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 194 (1अ) नुसार माल हौद्याच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर 20,000 रुपये दंड आहे, शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बंद फाळका ही शेवटची आडकाठी आहे. पट्टे सुटलेच तर बाइकला रस्त्यावर जाण्यापासून तोच अडवतो.

दुसरी गोष्ट, बांधायला जागा. आपल्याकडच्या बहुतेक टेम्पोंना दोरी बांधायचे हूक बाहेरच्या बाजूने, हौद्याच्या तळाशी असतात. त्यातले बरेचसे ताडपत्रीच्या दोरीपुरते असतात, बारीक सळईचे, एका जागी वेल्ड केलेले, कधी गंजलेले. प्रत्येक हूक हाताने जोरात ओढून बघा. हलला तर तो सोडा आणि पट्टा खालच्या चॅसिसच्या आडव्या पट्टीला घ्या. ज्या टेम्पोच्या बाजूच्या भिंती बिजागरीवर उघडतात, त्यांत नुसत्या भिंतीला बांधू नका. कडी उडाली की भिंत उघडेल आणि तिच्याबरोबर पट्टाही ढिला पडेल.

आणि भाडं ठरवतानाच चालकाला सांगून ठेवा की बांधायला अर्धा-पाऊण तास लागेल आणि वाटेत दोन-तीनदा थांबून पट्टे बघायचे आहेत. हे आधी बोललं की पुढची कुरकुर टळते. चालकाला दिवसाच्या फेऱ्या मोजायच्या असतात, त्याच्या वेळेचे पैसे द्यायची तयारी ठेवा.

सोबत काय हवं

रॅचेटचे, म्हणजे खटक्यांनी आवळायचे, चार पट्टे घ्या, आणि शक्य असेल तर दोन जादा. एक इंच रुंदीचे पट्टे साध्या बाइकला चालतात, बुलेटसारख्या जड गाडीला दीड इंची बरे. पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात. एक तुटण्याचा भार आणि दुसरा वापरायचा भार. दुसरा पहिल्याच्या साधारण एक-तृतीयांश असतो आणि आपल्या कामाचा आकडा तोच. लेबल नसलेला, उसवलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा बाजूला काढा.

किती भार पेलायचा, याचा हिशोब सोपा आहे. युरोप आणि अमेरिकेत मालवाहतुकीचे जे नियम आहेत, त्यांत जोरात ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या 0.8 पट बळाने पुढे आणि वळणावर 0.5 पट बळाने बाजूला जाईल असं धरून बांधायला सांगतात. क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे. म्हणजे कडक ब्रेकला तिचा पुढचा रेटा सुमारे 156 किलोंचा आणि वळणावर बाजूचा रेटा सुमारे 98 किलोंचा होतो. हा रेटा साइड स्टँडच्या एका पायाने आणि सुतळीने आवरायचा नाही.

दोरीच वापरायची वेळ आली, तर करकरीत, जाड आणि गाठी न मारलेली घ्या. नायलॉनची दोरी ताणाखाली लांबते, म्हणून ती निघाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा आवळावीच लागते. सायकलच्या ट्यूबने किंवा रबरी हूकवाल्या पट्ट्यांनी बाइक बांधू नका. रबर ताणतं आणि नेमकं ज्या धक्क्याला धरायला हवं, त्याच धक्क्याला सोडतं. ट्यूबचे तुकडे मात्र पट्ट्याखाली घालायला चांगले.

याशिवाय मऊ कापडी फासे (नसतील तर जुन्या सीटबेल्टचे तुकडे), दोन-तीन जुन्या गोधड्या, पुठ्ठा, पुढच्या चाकाला अडवायला दोन लाकडी ठोकळे, एक लांब फळी आणि तुमच्याशिवाय निदान दोन धडधाकट माणसं हवीत. कामाचे हातमोजे आणि बूट घाला. चपला घालून हे काम करू नका. वहाण घसरली की बाइक सोडावी लागते आणि सोडलेली बाइक दुसऱ्याच्या पायावर येते.

बाइकची तयारी

इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. चढवताना कुणाची ना कुणाची पोटरी तिथे टेकतेच. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. रेल्वे पार्सलने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. टेम्पोत तितकं बंधन नसलं, तरी पेट्रोल जितकं कमी तितका धोका आणि वजन कमी. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा.

आरसे काढून पिशवीत ठेवा. डिकीतलं आणि बाजूच्या बॅगांमधलं सामान काढा. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा. मऊ टायर वाटेत आणखी बसला तर बांधलेले पट्टे सैल पडतात. हँडल लॉक करू नका, कारण बाइक बांधताना पुढचं चाक सरळ हवं आणि धक्क्यांचा ताण त्या बारीक कुलपावर यायला नको. अलार्म असेल तर बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

मग मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मीटरचं रीडिंग, टाकी, सायलेन्सर आणि जुने ओरखडे नीट दिसू द्या. पुढे वाद झाला किंवा विम्याचा दावा करावा लागला, तर हेच फोटो उपयोगी पडतात.

चढवणं

या कामात सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती इथे, म्हणून घाई नको.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे हौद्याच्या उंचीचा ओटा. मार्केट यार्डात किंवा गोदामाशी माल चढवायचे ओटे असतात. गावाकडे शेताचा बांध किंवा रस्त्याकडेचा उंचवटा चालतो. टेम्पो मागे घेऊन हौद्याचा तळ जमिनीशी जवळपास सपाटीला आणला की बाइक ढकलत आत जाते. जाणते चालक ही जागा स्वतःच शोधतात, त्यांचं ऐका.

ओटा नसेल तर फळी, आणि ती लांब हवी. हौदा जमिनीपासून पाऊण मीटर उंच आहे असं धरा. दीड मीटरच्या फळीवर 195 किलोंच्या बाइकचा मागे खेचणारा भार जवळपास 98 किलो येतो. फळी तीन मीटरची घेतली तर तोच भार 49 किलोंवर येतो. म्हणजे माणसं तितकीच आणि ओझं निम्मं. शिवाय आखूड फळीवर वरच्या टोकाला कोन इतका तीव्र होतो, की पुढचं चाक हौद्यात आणि मागचं फळीवर असताना बाइकचं पोट कडेला टेकतं आणि ती अडकून बसते.

बांधकामावरची परांचीची फळी चालते, पण ती निदान दोन इंच जाड, नऊ-दहा इंच रुंद, न तडकलेली आणि कोरडी असावी. मधोमध खाली विटांचा किंवा ठोकळ्यांचा टेकू द्या. फळीचं वरचं टोक हौद्याच्या तळावर चांगलं वीतभर आत टेकवा आणि दोरीने टेम्पोला बांधा. हे बांधणं विसरलं जातं आणि तिथेच घात होतो. मागचं चाक फळीवर जोर देतं तेव्हा फळी मागे ढकलली जाते, वरचं टोक निसटतं आणि बाइक माणसांसकट खाली येते. शेजारी दुसरी फळी टाका, म्हणजे हँडल धरणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळेल. टेम्पोचा हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि चाकांना दगड लावा.

आता माणसांची वाटणी. एकाने बाइकच्या डाव्या बाजूला उभं राहून हँडल धरायचं. उरलेल्यांनी मागे दोन्ही बाजूंना उभं राहून सीटमागचा लोखंडी दांडा धरून ढकलायचं. बाइकच्या नेमकं मागे, चाकाच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. हात शॉकअपवर, चॅसिसवर, दांड्यावर ठेवा. चाकाच्या स्पोकमध्ये किंवा डिस्कच्या भोकात बोटं घालून उचलायची सवय फार वाईट आहे. चाक जरा फिरलं की बोट गेलंच. मडगार्ड, इंडिकेटर आणि सायलेन्सर हे धरायचे भाग नव्हेत.

चढवताना मधेच थांबावं लागलं तर पुढचा ब्रेक दाबून भागत नाही. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं, त्यामुळे पुढचं चाक जागेवर थांबूनही घसरतं. पायाचा ब्रेक तर चालत्या माणसाला मिळतच नाही. यावर एक उपाय आहे. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच दाबून ढकला. थांबायचं झालं की क्लच सोडा, मागचं चाक जागच्या जागी अडकतं. डाव्या हाताचा क्लच मागच्या ब्रेकचं काम करतो. स्टार्टर मारून, अर्ध्या क्लचवर बाइक चढवणारे काही जण आहेत. ज्यांचा हात बसलाय त्यांनाही सांगणं आहे की बाइकवर बसून फळी चढू नका. वर पोहोचल्यावर पाय टेकायला खाली जमीन नसते.

पुढचं चाक हौद्यात आलं की क्लच सोडून थांबा. एकाने वर चढून हँडल हातात घ्यावं. मग दोघांनी मिळून मागचं चाक आत घ्यावं. ‘एक, दोन, तीन’ एकच माणूस म्हणेल, सगळे नाहीत.

बांधणं

पुढचं चाक केबिनमागच्या भिंतीला टेकवा. मधे पुठ्ठा किंवा दुमडलेली गोधडी घाला. चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे ठोकून किंवा घट्ट अडकवून ठेवा, म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळणार नाही. बाइक हौद्याच्या मधोमध घ्या. दोन्हीकडच्या पट्ट्यांना सारखा कोन मिळेल.

स्टँडबद्दल इथे स्पष्ट सांगायला हवं. साइड स्टँडवर बाइक कलती असते, सगळं वजन एका पायावर आणि एका बोल्टवर येतं. पट्टे आवळले की तो पाय वाकतो, पाय जोडलेला कान तडकतो. बाइक पुढे सरकली तर स्टँड मिटतो आणि ती आडवी होते. मेन स्टँड जास्त भरवशाचा वाटतो, पण तो भरवसा उभ्या गाडीतला आहे. मेन स्टँडवरून बाइक उतरवताना आपण तिला पुढे ढकलतो ना? टेम्पोने ब्रेक मारला की नेमकं तेच होतं. म्हणून बांधून होईपर्यंत आधाराला साइड स्टँड ठेवा, एक माणूस बाइक धरून उभा ठेवा, आणि पुढचे दोन पट्टे हलके बसल्यावर स्टँड वर घ्या.

पुढचे पट्टे कुठे घालायचे? हँडलच्या खाली दोन्ही शॉकअपना जोडून धरणारा जो भक्कम भाग असतो, ज्याला मेकॅनिक टी म्हणतात, तिथे. त्यातल्या खालच्या टीभोवती कापडी फासा घाला आणि त्यात पट्ट्याचा हूक अडकवा. फासा घालताना वायरी, क्लचची केबल आणि ब्रेकचा होज त्याखाली येत नाही ना, हे बोट फिरवून बघा. होज चेपला तर घरी पोहोचल्यावर ब्रेक लागणार नाही, आणि हे बाहेरून दिसतही नाही. हँडलच्या मुठींना पट्टे बांधू नका, त्या फिरतात आणि हँडल वाकतं. लेगगार्ड दिसायला दणकट असलं, तरी दोन बोल्टवरच टेकलेलं असतं.

दोन्ही पट्टे पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला जातील असे घ्या. आडवे गेले तर बाइक खाली दाबली जात नाही, सरळ उभे गेले तर ती बाजूला डोलते. साधारण 45 अंशांच्या आसपास कोन असला की दोन्ही कामं होतात. पट्टा हौद्याच्या भिंतीवरून बाहेरच्या हुकाला जात असेल, तर पत्र्याच्या धारेवर ट्यूबचा तुकडा घाला. चालत्या टेम्पोत पट्टा त्या धारेवर सतत घासत असतो, दीड-दोनशे किलोमीटरमध्ये तो तिथे फाटू शकतो.

आता आवळणं. एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी, असं नाही. डावीकडे दोन-तीन खटके, उजवीकडे दोन-तीन खटके, पुन्हा डावीकडे. समोर उभं राहून चाक आणि हँडल सरळ आहे का ते बघत राहा. पुढचे शॉकअप हळूहळू खाली बसायला लागतील. पूर्ण दाबाच्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत ते बसले की थांबा.

हे दाबणं कशासाठी, हे नीट समजून घ्या. टेम्पो खड्ड्यात आदळतो तेव्हा बाइकचं वजन क्षणभर शॉकअपवर जोरात येतं आणि ती खाली बसते. पट्टे नुसते टेकवून बांधलेले असतील तर त्या क्षणी ते सैल होतात, उघड्या तोंडाचा हूक फाशातून निसटतो आणि बाइक पुन्हा वर येते तेव्हा तिला धरायला काहीच नसतं. बाइक पट्टा तुटूनच पडते असं नाही, हूक निसटूनही पडते. शॉकअप आधीच दाबलेले असले की खड्ड्यातही पट्ट्यावर ताण राहतो. पण शॉकअप तळाला टेकेपर्यंतही आवळू नका. मग प्रत्येक दणका सरळ चॅसिसला आणि हुकाला बसतो आणि ऑइल सीलवर सगळा प्रवासभर ताण राहतो. खटकेवाले, तोंड बंद होणारे हूक मिळाले तर तेच घ्या. उघडे असतील तर तोंडाला तार किंवा चिकटपट्टी गुंडाळा.

मागचे दोन पट्टे मागच्या सीटच्या पायदानाच्या लोखंडी ब्रॅकेटला किंवा चॅसिसला घ्या आणि मागे-खाली-बाहेर ओढा. पुढच्याइतके आवळायची गरज नसते. मागचं चाक डावी-उजवीकडे उडू नये एवढंच त्यांचं काम. जादा पट्टा असेल तर तो मागच्या चाकातून घेऊन हौद्याला बांधा. पहिला गिअर टाकून ठेवा. पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने बांधला तर उत्तम, पण तो बांधणीला पर्याय नव्हे.

शेवटी पट्ट्यांची सुटी टोकं गाठ मारून आत खोचा. फडफडणारं टोक रंग खरवडतं आणि लोंबलं तर चाकात जातं. दोरीने बांधलं असेल तर शेवटची गाठ निरगाठ असू द्या, सुरगाठ हिसक्याने सुटते. मग सीट धरून बाइक जोरात हलवा. बाइकबरोबर टेम्पोही डोलायला हवा. बाइक एकटीच हलत असेल तर पुन्हा आवळा.

स्कूटर आणि दोन गाड्या

हल्लीच्या स्कूटरला गिअर नसतो आणि सगळीकडे प्लॅस्टिक. ब्रेक लॉक असेल तर तो लावा. पुढे चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या लोखंडी भागाला आणि मागे धातूच्या दांड्याला फासे घाला. जिथे पाय ठेवतो त्या पाटावर गोधडीची घडी ठेवून तिच्यावरून एक पट्टा आडवा घेतला की गाडी खाली दाबली जाते. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढता येत असेल तर काढून केबिनमध्ये गुंडाळून ठेवा.

दोन बाइक असतील तर एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे करा, म्हणजे हँडलं एकमेकांना भिडत नाहीत. प्रत्येकीला वेगळे चार पट्टे हवेत. एकीला दुसरीचा आधार देऊन बांधलं तर एक पडताना दुसरीलाही घेऊन पडते. बाइक आडवी ठेवून नेणं मात्र कटाक्षाने टाळा. टाकीतून पेट्रोल गळतं, इंजिन ऑइल एअर फिल्टरकडे जातं, जुन्या बॅटरीतलं अॅसिड बाहेर येतं.

बाइकचं कव्हर घालून नेऊ नका. वाऱ्याने ते फुगतं, रंगावर घासतं आणि त्याखालचे पट्टे सैल झालेले दिसत नाहीत. जिथे काही टेकतंय तिथेच गोधडी किंवा पुठ्ठा बांधा. पावसाळ्यात ताडपत्री घालायची झाली तर हौद्यावरून ताणून घाला.

रस्त्यावर

हौद्यात बाइकजवळ कुणालाही बसवू नका. बाइकवर बसून हँडल धरणाऱ्या भाच्याला किंवा मित्राला ‘धरून बस रे’ म्हणून पाठवलं जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. 156 किलोंचा रेटा कुणाच्याही हाताला आवरणार नाही. बाइक पडेल ती त्याच्या अंगावर, आणि पत्र्याच्या हौद्यात बाजूला व्हायला जागा नसते. कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 मध्ये 1994 साली दुरुस्ती होऊन मालवाहू गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विमा संरक्षणात आला. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या इतर प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी खटल्यात दिला. तुम्ही स्वतः केबिनमध्ये बसा. बाकीच्यांना एसटीने येऊ द्या.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये थांबा. शॉकअप, टायर, पट्टे सगळं तेवढ्यात आपापल्या जागी बसतं आणि पहिला सैलपणा इथेच दिसतो. प्रत्येक पट्टा बोटाने टिचकी मारून बघा, दोन खटके जादा आवळा. त्यानंतर प्रत्येक चहाला, पेट्रोल पंपावर आणि घाटाच्या आधी बघा. आंबोली किंवा फोंडा घाट उतरायचा असेल तर घाटमाथ्यावर थांबून बघाच. उतार आणि वळण एकाच वेळी आल्यावर पट्ट्यांवर जास्त ताण येतो. समृद्धीसारख्या वेगवान रस्त्यावर मनाला येईल तिथे थांबता येत नाही, म्हणून आत शिरण्यापूर्वी पट्टे बघून घ्या.

चालकाला वेग मध्यम ठेवायला सांगा आणि स्पीडब्रेकरवर खरोखर हळू करायला सांगा. रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा जास्त उडतो. एक बाइक म्हणजे त्याच्या दृष्टीने जवळपास रिकामी गाडीच.

कागद आणि विमा

नाक्यावर पोलिसांनी थांबवलं, तर बाइक चोरीची नाही हे दाखवता यायला हवं. आरसी, विमा आणि पीयूसी सोबत ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत चालते. बाइक तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. सेकंडहँड घेतलेल्या बाइकला हे फार महत्त्वाचं. दुसऱ्या राज्यात कायमची नेत असाल, तर आधी आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र काढा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. अपघात झालेली बाइक हलवायची असेल तर पंचनामा होईपर्यंत तिला हात लावू नका.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. दुचाकीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अपघात, आग, चोरी यांच्याबरोबरच रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा हवाई मार्गाने गाडी नेताना होणारं नुकसानही सांगितलेलं असतं. म्हणजे टेम्पोत पडून टाकी चेपली तर स्वतःच्याच पॉलिसीवर दावा करता येतो. त्यासाठी फक्त थर्ड पार्टी विमा असून भागत नाही, आणि जुन्या बाइकना बहुधा तेवढाच असतो. निघण्यापूर्वी पॉलिसी उघडून वाचा. नुकसान झालं तर बाइक उतरवण्यापूर्वी हौद्यातच फोटो काढा आणि लगेच कंपनीला कळवा.

उतरवताना

पोहोचल्यावर सगळे थकलेले असतात, पुष्कळदा रात्र झालेली असते. म्हणून उतरवताना जास्त जपा. टेम्पो सपाट जागी, उजेडात लावा. पट्टे सोडण्यापूर्वी एकाने बाइक धरायची. आधी मागचे पट्टे, मग पुढचे थोडे-थोडे आळीपाळीने ढिले करा. दाबलेले शॉकअप एकदम सुटले तर बाइक उसळी मारते. फळी पुन्हा बांधा, बाइक मागच्या मागे उतरवा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद ठेवून क्लचने वेग आवरा. खाली येणाऱ्या बाइकच्या वाटेत कुणीही थांबू नका.

खाली उतरल्यावर लगेच किक मारून निघू नका. पुढचा आणि मागचा ब्रेक दाबून बघा, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा, केबल कुठे अडकत नाही ना बघा. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ शोधा, टायरची हवा तपासा, आरसे लावा, कॉक उघडा. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

एवढी सगळी खटपट एका बाइकसाठी कशाला, असं कुणी म्हणेल. चार चांगले पट्टे एकदा घेतले की अनेक वर्षं टिकतात, आणि शेजारीपाजारी, नातेवाइकांत कुणाला ना कुणाला ते लागतातच. टेम्पोच्या मागे ताशी साठच्या वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तुमच्या गाठी दिसत नसतात. तुम्ही त्या नीट मारल्या असतील एवढ्या विश्वासावर तो मागून येत असतो, आणि तो विश्वास राखायचं काम बाइकच्या मालकाचं, म्हणजे तुमचं आहे.